मिस्त्री म्हणतात जाड, मुलगा म्हणतो सिंथेटिक

प्रश्न : मी कराडला राहते. शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. यजमानांनी घेतलेली २००३ सालची मारुती ८००, चार गिअरची, ते गेल्यानंतर मीच चालवते. बाजार, बँक आणि आठवड्यातून एकदा शेत, एवढाच तिचा वापर. दिवाळीनंतर चिपळूणला जाताना ती कुंभार्ली घाटात तापली. हेड गॅस्केट गेलं, ऑइलमध्ये पाणी मिसळलं आणि तशीच ती थोडं अंतर चालवली गेली. निळा धूर तर वर्षभर मारतच होती. मिस्त्रींनी इंजिन उतरवून पूर्ण काम काढलं : बोअर करून ०.५० चे पिस्टन आणि रिंगा, क्रँक ग्राइंड करून ०.२५ ची बेअरिंग, हेड फेसिंग, वॉल्व्ह गाइड, सगळी सील, ऑइल पंप नवा. आता अडलंय ऑइलवर. मिस्त्री म्हणतात, जुनी गाडी आहे, जाड ऑइल घाला, २०डब्ल्यू-५०. पुण्याचा मुलगा म्हणतो, फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३०. डबा पाठवूनही दिलाय. पार्टवाला म्हणतो, डिझेलचं १५डब्ल्यू-४० घाला, ट्रकला चालतं तर हिला काय झालं? वर ऑइल ट्रीटमेंटची एक बाटलीही त्याने पिशवीत टाकली. खर्च आधीच हाताबाहेर गेलाय. कुणाचं ऐकू?

उत्तर :

बाई, सप्रेम नमस्कार. गाडी गॅरेजात अडकलेली म्हणून मोजकं उत्तर तुम्हाला आधीच कळवलं होतं. इथे कारणांसकट लिहितो, कारण असं काम काढलेल्या जुन्या गाड्यांबद्दल बरेच जण विचारतात.

आधी निकाल सांगून टाकतो. पहिल्या भरणीला साधं मिनरल २०डब्ल्यू-४० घाला, डब्यावर एपीआय (पेट्रोल-डिझेल ऑइलची आंतरराष्ट्रीय प्रतवारी) एसएल किंवा त्यापुढची श्रेणी असलेलं. ५०० किलोमीटरला ते फिल्टरसकट काढा. पुन्हा तेच भरा आणि १५०० ते २००० च्या दरम्यान परत बदला. त्यानंतर दर ५००० किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा. बाटली दुकानदाराला परत करा. मुलाने पाठवलेला डबा सध्या कपाटात राहू द्या.

आता मिस्त्रींचं म्हणणं. ते चुकीच्या अनुभवावर बोलत नाहीत. त्यांच्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांची बेअरिंग झिजलेली असतात, फटी वाढलेल्या असतात, पातळ ऑइल त्यातून भसाभसा निघून जातं आणि आयडलवर ऑइलचा दिवा लुकलुकायला लागतो. तिथे ५० घातलं की दिवा विझतो, ठोका दबतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण ऑइलची जाडी गाडीच्या वयावर ठरत नाही, आतल्या फटीवर ठरते. तुमच्या गाडीचं आरसीबुक २००३ चं असेल. बेअरिंग, पिस्टन, रिंगा आणि पंप मात्र आत्ता बसवलेत. क्रँक पाव मिलिमीटर घासला तर बेअरिंगही तेवढीच जाड घातली, म्हणजे मधली फट मूळ मापावर परत आली. काम नीट झालं असेल तर तुमचं इंजिन ऑइलच्या नजरेतून जुनं राहिलेलंच नाही. आणि काम नीट झालं नसेल, तर ५० नंबरचं ऑइल ते फक्त काही महिने झाकून ठेवेल.

म्हणून मिस्त्रींना दोन गोष्टी विचारा, आणि जरा गोडीने विचारा, कारण हिशेब मागितलेला कुणालाच आवडत नाही. पहिली : बेअरिंगची फट मोजली का? त्यासाठी प्लास्टिगेज नावाची बारीक मेणासारखी दोरी मिळते. ती क्रँकवर ठेवून कॅप कसायची, परत उघडून ती किती चपटी झाली ते सोबतच्या पट्टीवर बघायचं. काम मिनिटांचं आहे, पण कंटाळा करतात. दुसरी : बोअर केल्यावर लेथवाल्याने होनिंग (सिलिंडरची भिंत घासून शेवटचं माप देणं) किती फटीला केलं? अनेक ठिकाणी पिस्टन अडकू नये म्हणून बोअर मुद्दाम थोडं सैल ठेवतात. तसं केलं असेल तर मिस्त्री जाड ऑइलचा आग्रह का धरतात हे आपोआप कळेल.

मोजमाप झालं नसेल आणि आता इंजिन बंद झालं असेल, तरी एक परीक्षा हातात उरते. इंजिनाला जिथे ऑइल प्रेशरचा स्विच लावलेला असतो तिथे तो काढून साधं घड्याळी गेज जोडता येतं. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर वाचन घ्यायचं. दर हजार आरपीएमला (मिनिटाच्या हजार फेऱ्यांना) साधारण १० पीएसआय (दाबाचं एकक) हा जुन्या मेकॅनिकांचा ढोबळ हिशेब आहे आणि तो वाईट नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा याला पर्याय नव्हे. तो साधारण अर्ध्या बारच्या, म्हणजे सात पीएसआयच्या खाली दाब गेल्यावरच पेटतो. दिवा विझला याचा अर्थ एवढाच की दाब अगदीच शून्यावर आलेला नाही. गरम इंजिनात २०डब्ल्यू-४० वर गेजने चांगला दाब दाखवला तर ५० चा विषय तिथेच संपला. दाब कमी दिसला तर मात्र भांडण ऑइलशी नाही, बेअरिंगशी आहे, आणि ते मिस्त्रींनी गाडी ताब्यात देण्याआधीच निस्तरायला हवं.

डब्यावरचे आकडे काय सांगतात तेही एकदा बघून घेऊ. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडपणीचा. २०डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे १५ अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३० वर. कराडला डिसेंबरात पहाटे कितीही कुडकुडलो तरी तिकडे कधी जाणार नाही, त्यामुळे २०डब्ल्यूने गाडी सुरू व्हायला अडणार नाही. मागचा आकडा गरमपणीचा. १०० अंशांवर ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (दाटपणाचं एकक) असतं, ४० चं १२.५ ते १६.३, आणि ५० चं १६.३ ते २१.९. या आकड्यांवरून वाटतं की ५० म्हणजे जास्त संरक्षण. पण बेअरिंगमध्ये ऑइल नुसतं गरम नसतं, प्रचंड वेगाने चिरडलंही जात असतं. त्यासाठी १५० अंशांवरची एक वेगळी चाचणी आहे, आणि तिच्यात २०डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० या दोन्हींसाठी किमान मर्यादा एकच आहे : ३.७. मोठ्या नंबरावर विश्वास ठेवणाऱ्यांना हे पटत नाही, पण ऑइलच्या ग्रेड ठरवणाऱ्या मानकात तसंच लिहिलेलं आहे. ३० ग्रेडसाठी तीच मर्यादा २.९ आहे. म्हणजे किमान हमीतला मोठा फरक ३० आणि ४० मध्ये पडतो. ४० वरून ५० वर गेल्याने ती हमी वाढत नाही.

उलट सकाळी गाडी काढताना जाड ऑइलची किंमत मोजावी लागते. ४० अंश तापमानाला, म्हणजे मे महिन्यातल्या दुपारच्या हवेइतक्या उबेतसुद्धा, २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३० च्या अडीचपट दाट असतं. पहाटे तर त्याहून जास्त. चेंबरमधून (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातून) निघून वर वॉल्व्ह उघडणाऱ्या कॅम आणि रॉकरपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो, आणि ८०० मध्ये कॅम आणि रॉकर एकमेकांवर घासतच चालतात. बाजार-बँक करणारी गाडी दिवसातून तीनदा थंड असतानाच सुरू होते. तिला दाटपणाचा फायदा कमी, तोटा जास्त.

मुलाचं ऑइल वाईट आहे का? अजिबात नाही. त्याच्या नव्या गाडीला कदाचित तेच लागत असेल. आजची इंजिनं कमी फटीची असतात, त्यांच्यातल्या ऑइलच्या वाटा बारीक असतात, आणि इंधनबचतीच्या नियमांपायी कंपन्या पातळ ऑइलकडे गेल्या आहेत. ८०० चं इंजिन ज्या काळात आखलं गेलं तेव्हा सर्व्हिस सेंटरात सर्रास २०डब्ल्यू-४० ओतलं जाई. यजमानांनी गाडीचं मॅन्युअल जपून ठेवलं असेल तर त्यात तापमानाप्रमाणे ग्रेडचा तक्ता सापडेल. तुमच्या हवेसाठी तोच शेवटचा शब्द माना.

सिंथेटिक नको म्हणण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते तात्पुरतं आहे. होनिंग केल्यावर सिलिंडरच्या भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा राहतात. नव्या रिंगा त्या रेघांवर थोड्या घासून आपली जागा करून घेतात. याला रनिंग-इन म्हणतात. हे घासणं हवं आहे, पण मोजकं. बऱ्याच नव्या गाड्या कारखान्यातूनच सिंथेटिक भरून येतात हे खरं, पण त्यांचं होनिंग यंत्रावर, रिंगेच्या मापाने झालेलं असतं. गावातल्या लेथवर हाताने केलेल्या कामाला साधं मिनरल ऑइल जास्त क्षमाशील. शिवाय हे ऑइल ५०० किलोमीटरला तुम्ही काढून टाकणार आहात. सिंथेटिकला साधारण दुप्पट पैसे मोजून ते ड्रेनच्या ट्रेमध्ये सोडायचं, यात शहाणपण नाही. गाडी स्थिरावल्यावर पुढे कधी सिंथेटिक किंवा सेमी-सिंथेटिक घालायची हौस असेल तर खुशाल घाला, पण ४० ग्रेडमधलं घाला.

आता पार्टवाला. डिझेलच्या ऑइलात धुण्याची आणि काजळी सांभाळण्याची रसायनं जास्त असतात, झीज रोखणारं झिंकही बहुधा जास्त. म्हणून जुन्या पेट्रोल गाड्यांत ते घालण्याचा प्रघात पडला. बऱ्याच डब्यांवर सीएच-४ किंवा सीआय-४ च्या जोडीला एसएलसारखी पेट्रोलची श्रेणीही छापलेली असते. तशी असेल तर ते घातल्याने इंजिन बिघडणार नाही. नुसतीच 'सी'ची श्रेणी असेल तर नको. तुमच्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा भाग) आहे, आणि थोडं ऑइल जळलं की त्यातलं फॉस्फरस आणि राख तिथे जाऊन बसते. झिंकसाठी म्हणाल, तर फॉस्फरसवरची कडक मर्यादा मुख्यतः ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडना लागू होते. २०डब्ल्यू-४० मध्ये कंपन्यांना ते पुरेसं घालायची मोकळीक असते. म्हणजे पार्टवाला जे द्यायला निघालाय ते तुम्हाला पेट्रोलच्या साध्या डब्यातच मिळतंय. बाटलीतली ट्रीटमेंट तर या घटकेला घातकच : रिंगांना घासून बसायचं आहे आणि बाटली म्हणते मी घर्षणच संपवते.

ऑइल कुठलं, यापेक्षा पहिल्या काही तासांत गाडी कशी वागवली जाते याने जास्त फरक पडतो. इथे मी मिस्त्रींशी उघड वाद घालायला तयार आहे. आपल्याकडे इंजिन बांधलं की ते दिवसभर आयडलवर चालू ठेवायची पद्धत आहे, 'मोकळं व्हायला'. याने इंजिन मोकळं होत नाही. रिंगा भिंतीवर दाबल्या जातात त्या स्फोटाच्या दाबाने, आणि आयडलवर हा दाब फारच कमी असतो. उलट पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, उरलेलं ऑइल गुळगुळीत थर होऊन बसतं, आणि मग रिंगा कधीच धड बसत नाहीत. नवं काम करूनही ऑइल खाणाऱ्या कित्येक गाड्यांचं मूळ या 'मोकळं करण्यात' असतं.

त्याऐवजी असं करायला सांगा. फिल्टर बसवण्याआधी त्यात ऑइल भरावं. इंधन पंपाचं आणि कॉइलचं कनेक्शन काढून, स्पार्क प्लगही काढून, स्टार्टरने इंजिन थोडं थोडं फिरवावं, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मगच प्लग लावून सुरू करावं. पाण्याची आणि ऑइलची गळती बघण्यापुरतं उभ्यावर चालवावं, गरम झालं की रस्त्यावर काढावं. तिसऱ्या गिअरमध्ये ३० वरून ५० पर्यंत जरा जोर देऊन न्यायची, मग ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून तिला आपोआप ३० वर येऊ द्यायचं, असं पुन्हापुन्हा. जोर देताना रिंगा दाबल्या जातात. पाय काढला की तयार होणाऱ्या ओढीने थोडं ऑइल वर येऊन घासलेली भुकटी धुतली जाते. कराड-पाटण रस्ता सकाळी लवकर याला उत्तम. महामार्गावर एकाच वेगाने तासभर पळवणं पहिल्या ५०० किलोमीटरांत टाळा, आणि टॉप गिअरमध्ये धापा टाकत चढवणं तर पुढेही टाळाच. कुंभार्ली घाट हजार किलोमीटरनंतर.

रोज सकाळी, सपाट जागी, डिपस्टिक बघा. सुरुवातीला पातळी थोडी उतरेल, त्यात घाबरण्यासारखं नाही. तीन लिटरचा डबा आणलात म्हणून तो सगळा रिकामा करायचा नसतो. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ ऑइल दिसलं की थांबायचं. पातळी वाढलेली दिसली तर ती कमी झाल्यापेक्षा वाईट खूण समजा : खाली पेट्रोल उतरतंय किंवा पाणी. वास घेऊन बघा. दुधाच्या चहासारखा रंग आला तर गाडी तिथेच उभी करून मिस्त्रींना बोलवा.

५०० ला ऑइल काढाल तेव्हा समोर उभ्या राहा आणि थोडं पांढऱ्या कापडावर घ्या. उन्हात धरल्यावर बारीक राखाडी चमक दिसली तर ते रिंगांचं नेहमीचं घासणं. बोटाला टोचणारे कण किंवा तांबूस-पिवळी कपची दिसली तर बेअरिंग बोलतंय असं समजा. त्याच दिवशी टॅपेटही (वॉल्व्हची फट) पुन्हा तपासून घ्या.

पाणी मिसळलेल्या इंजिनाबद्दल आणखी थोडं. चेंबर उतरवून धुतला का, क्रँकमधल्या आणि ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटा हवेने साफ केल्या का, हे नक्की विचारा. तिथे राहिलेला चिकट गाळ नव्या बेअरिंगमध्ये जातो. फ्लशच्या डब्याने तो निघेल या आशेवर राहू नका. इंजिन उघडं असतानाच ते काम होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवून धरणारा वॉल्व्ह. गाडी तापली की तो काढून फेकायची आपल्याकडे फार वाईट सवय आहे. थर्मोस्टॅट नसला की तुमच्यासारख्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं गरमच होत नाही, ऑइलमध्ये साठलेला ओलावा आणि पेट्रोल उडून जात नाही, झाकणाखाली पिवळट साय धरते. मग ऑइल कितीही भारी असलं तरी काही महिन्यांत बाद. नवा थर्मोस्टॅट बसवा, रेडिएटर साफ करून घ्या, पंखा वेळेवर लागतो का बघा, आणि नळाच्या पाण्याऐवजी कूलंट भरा. सहा महिन्यांची मुदत मी तुमच्या याच छोट्या फेऱ्यांमुळे घातली आहे; किलोमीटर कमी झाले म्हणून ती पुढे ढकलू नका.

डबा नावाजलेल्या कंपनीचा, पेट्रोल पंपावरून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. सील आणि तारीख पाहून, बिलासह. सुटं ऑइल कधीच नको. डबा रिकामा झाला की त्याला भोक पाडा, कारण नकली ऑइलवाल्यांना असे धड डबेच हवे असतात. काढलेलं ऑइल शेतावर कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी फासायला नेऊ नका. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि तुमची विहीर तिथेच आहे. गॅरेजवाल्यांकडे ते गोळा करणारे येतात, त्यांच्याकडेच जाऊ द्या.

तुम्ही विचारलं नाही, पण इंजिन उतरवताना ड्राइव्ह शाफ्ट निघतात आणि गिअरबॉक्सचं ऑइल वाहून जातं. ते इंजिनाच्या ऑइलपासून वेगळं असतं, त्याला डिपस्टिकही नाही, आणि गडबडीत ते भरायचं राहून गेलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. जीएल-४ प्रतीचं ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० लागेल. गाडी ताब्यात घेण्याआधी बाजूचा लेव्हल बोल्ट उघडून ऑइल काठापर्यंत आहे हे तुमच्या डोळ्यांनी बघा, आणि मगच मिस्त्रींचे राहिलेले पैसे द्या.